पाककृतींना अ‍ॅप नको, साधी फाइल पुरे

गेली दोन वर्षे मी धानोरा तालुक्यातील गावांमधून रानातल्या पदार्थांच्या कृती लिहून घेत आहे : वास्ते, मोहफुले, अंबाडी, कुड्याची फुले, रानकंद, लाखोळीची डाळ. इतिहासाची विद्यार्थिनी असले काम करते हे कळले की समोरून दोन वाक्ये हमखास येतात. पहिले, "पाककृती म्हणजे काय इतिहास?" दुसरे, अधिक उत्साहाने उच्चारलेले, "मग याचे एक अ‍ॅप का नाही काढत?" पहिले वाक्य अज्ञानातून येते, म्हणून क्षम्य आहे. दुसरे सदिच्छेतून येते आणि तेच अधिक घातक आहे. या धाग्यात मी त्या दुसऱ्या वाक्याशी भांडणार आहे. पहिल्याचा निकाल वाटेत लागेल.

माझे म्हणणे थोडक्यात असे. पाककृतींचा संग्रह हा दस्तऐवजांचा संग्रह असतो. तो साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवावा, कमांड लाइनवरच्या दहा-बारा ओळींच्या स्क्रिप्टने चाळावा आणि कागदावर छापून, ज्यांच्याकडून घेतला त्यांच्या हाती परत द्यावा. याहून देखणे काहीही करू नये, निदान मूळ प्रतीच्या बाबतीत तरी.

आधी मीही अ‍ॅपच्याच बाजूची होते, हे कबूल केले पाहिजे. पहिल्या पावसाळ्यात गोळा केलेल्या चाळीसेक कृती मी मोबाइलवरच्या एका मोफत अ‍ॅपमध्ये भरल्या. त्यात रकाने होते : ब्रेकफास्ट, स्टार्टर, मेन कोर्स. आंबील यांतल्या कशात बसते? माप ग्रॅममध्ये नाही तर कपात देणे सक्तीचे. ओंजळ, मूठ, दुरडी यांना मज्जाव. कृती कोणी सांगितली आणि कोणत्या गावी, यासाठी रकानाच नव्हता, कारण ते अ‍ॅप बनवणाऱ्याच्या कल्पनेत पाककृतीला गाव नसते. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली आणि स्वतःचाच मजकूर बाहेर काढण्यासाठी पैसे मागू लागली. मी वहीवरून सगळे पुन्हा उतरवायला बसले, तर वहीची काही पाने मधल्या पावसात भिजून गेलेली. नऊ कृती गेल्या त्या गेल्याच. त्यांतल्या दोन सांगणारी म्हातारी आता नाही.

ही गोष्ट नवी वाटत असेल तर मराठीचा इतिहास पुन्हा वाचावा. तेराव्या शतकातील लीळाचरित्रात त्या काळच्या खाण्यापिण्याचे किती तरी उल्लेख आहेत; पण महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची किल्ली विद्वानांच्या हाती येईपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ते वाङ्मय जवळपास नव्हतेच. ती गुप्तता हेतुपुरस्सर होती, आणि तिने ग्रंथ राखले हेही खरे. मोडीच्या बाबतीत तर हेतूही नव्हता. शतकानुशतके कारभार ज्या लिपीत चालला, ती छापखाना आणि शाळा यांनी बाळबोध निवडल्यावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे पडली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात लक्षावधी कागद शाबूत आहेत. शाई आहे, कागद आहे, वाचणारे बोटांवर मोजण्याइतके.

तिसरा प्रसंग आपल्या आईवडिलांच्या पिढीतला असल्यामुळे त्याला कोणी इतिहास म्हणत नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ सालीच आली होती; पण पुढची पंधरा-वीस वर्षे आपल्याकडचे डीटीपीवाले ज्या फॉन्टांत काम करत होते, त्या प्रत्येकाची सांकेतिक पद्धत वेगळी. फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे क्रमांक आणि वर देवनागरीचे सोंग. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर पडद्यावर निव्वळ खिचडी उमटते, आणि तिची कृती कोणालाच ठाऊक नसते. त्या काळातल्या किती महिला मंडळांच्या पाककृतींच्या पुस्तिका, किती स्मरणिका अशा फाइलींत अडकल्या असतील याचा अंदाज प्रत्येकाने आपल्या गावच्या डीटीपी सेंटरवर जाऊन घ्यावा. त्या सगळ्यांच्या छापील प्रती मात्र आजही वाचता येतात.

अ‍ॅप ही या मालिकेतली चौथी लिपी आहे. तिची किल्ली कंपनीकडे असते.

आता दुसऱ्या बाजूचा इतिहास पाहू. १९६९ साली अमेरिकेत नीमन मार्कस या श्रीमंती दुकानाच्या नाताळ-सूचीत हनीवेल कंपनीचा एक 'स्वयंपाकघरातला संगणक' झळकला. किंमत १०,६०० डॉलर. गृहिणीने त्यात पाककृती साठवाव्यात अशी कल्पना होती. पण यंत्राशी संवाद साधायचा तो खटके खालीवर करून, आणि उत्तर वाचायचे ते लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या द्विमान भाषेत! त्यासाठी दोन आठवड्यांचे प्रशिक्षणही किमतीत धरले होते. एकही यंत्र विकले गेल्याची नोंद नाही. पुढच्याच वर्षी, १९७० साली, मराठीत कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली. ती किती घरांत पोहोचली हे सांगायला नको.

त्याच १९६९ साली बेल लॅब्जमध्ये युनिक्सचा जन्म होत होता, आणि तिथे वृत्ती अगदी उलटी होती. युनिक्सचे पहिले खरेखुरे गिऱ्हाईक कोण होते? प्रयोगशाळेचाच पेटंट विभाग. कारकुनांना अर्ज टंकायचे होते, पाने नीट मांडून छापायची होती. मजकूर साधा, साधने छोटी, प्रत्येक साधन एकच काम करणारे, आणि १९७३ पासून एकाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती देणारी नळी, म्हणजे 'पाइप'. शोधण्याची प्रसिद्ध आज्ञा 'ग्रेप' हीही त्याच काळातली. तिच्या नावातले शेवटचे अक्षर 'प्रिंट' या शब्दाचे आहे, कारण ज्या संपादकातून ती निघाली तो टेलिटाइपवर चालत असे आणि सापडलेली ओळ खरोखरच कागदाच्या गुंडाळीवर छापून येई. शोधणे आणि छापणे ही तिथे एकाच श्वासातली कामे होती. पडदा नंतर आला.

या साधनांनी पाककृती चाळण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. इंटरनेट घरोघरी पोहोचण्याच्या पुष्कळ आधी, १९८० च्या दशकाच्या मध्यास, ब्रायन रीड या संगणकशास्त्रज्ञाने युजनेटच्या जाळ्यावर एक सामुदायिक पाकसंग्रह चालवला. लोक कृती पाठवत, तो संपादित करून वाटत असे. प्रत्येक कृती ही एक साधी फाइल, युनिक्सच्या छपाईखुणांनी सजवलेली. सोबत छोट्या स्क्रिप्ट : एक कृती पडद्यावर दाखवणारी, एक ती पानावर मांडून छापणारी, एक साऱ्यांची सूची करणारी, एक पुस्तक बांधणारी. साहित्याच्या ओळीत अमेरिकन आणि दशमान अशी दोन्ही मापे शेजारी शेजारी. शेवटी कृती देणाऱ्याचे नाव-पत्ता. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक कृतीखाली तीन नोंदी : किती अवघड, किती वेळ, आणि मोजमाप किती काटेकोर हवे. 'अंदाजाने घातले तरी चालेल' हे वाक्य तिथे माहिती म्हणून नोंदले जाई. आमच्याकडची प्रत्येक आजी हेच सांगते आणि प्रत्येक अ‍ॅप तेच नाकारते. चाळीस वर्षांनंतर त्या फाइली कोणत्याही संगणकावर उघडतात. त्यानंतर आलेली किती पाककृती-सॉफ्टवेअरे आज जिवंत आहेत, ते आपणच मोजावे.

माझी व्यवस्था याचीच गरीब नक्कल आहे. जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स. एका फोल्डरमध्ये प्रत्येक कृतीची एक फाइल. वर सहा ओळी ठरलेल्या : नाव, इतर नावे, सांगणारी, गाव, ऋतू, तारीख. खाली साहित्य आणि कृती, सांगितली तशी. पहिली स्क्रिप्ट एक शब्द विचारते, 'ग्रेप'ने तो सगळीकडे शोधते, सापडलेल्या कृतींना क्रमांक देऊन यादी दाखवते. क्रमांक दाबला की कृती 'लेस' या वाचकात उघडते. 'भाद्रपद' टंकले की त्या महिन्यात चुलीवर येणारे सगळे समोर. दुसरी स्क्रिप्ट निवडलेल्या कृती एकापाठोपाठ जोडते, प्रत्येकीला नवे पान देते आणि छापण्याजोगी फाइल तयार करते. ती पेनड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जायचे. दोन्ही मिळून तीस ओळी भरणार नाहीत. हे शिकायला मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि मी बारावीला गणित सोडलेली मुलगी आहे.

तिसऱ्या साधनाविषयी मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्यांशी जरा सविस्तर बोलायचे आहे. 'डिफ' ही आज्ञा दोन फाइली शेजारी ठेवून नेमक्या कोणत्या ओळी वेगळ्या आहेत ते दाखवते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ इतकी वर्षे खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. शेकडो पोथ्या ताडून पाहिल्या आणि पाठभेद तळटीपांत नोंदवले. ती विद्वत्ता आज्ञेने येत नाही हे उघड आहे. पण पाठभेद पुसायचा नसतो, नोंदवायचा असतो, ही दृष्टी तिथलीच. अंबाडीच्या भाजीच्या माझ्याकडे तीन गावांच्या तीन कृती आहेत. एकीत तांदळाच्या कण्या आधी शिजतात, दुसरीत भाजीबरोबर, तिसरीत कण्याच नाहीत. अ‍ॅप म्हणते, 'ही कृती आधीच आहे, बदलायची का?' नाही. मला तिन्ही हव्यात, आणि त्यांतला फरक चौथी गोष्ट म्हणून हवा.

शुद्धलेखनाचेही तसेच. मोहफूल, मोहफुल, मोहाफूल. वास्ते कुठे आणि बांबूचे कोंब कुठे. मी एकही रूप 'सुधारत' नाही. वेगळ्या एका फाइलीत समानार्थी नावांची ओळ लिहिते आणि स्क्रिप्टला आधी ती पाहायला लावते. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो अस्सल कागद लोकांपुढे ठेवण्यासाठी. पत्राच्या बाबतीत आपल्याला हे पटते. मग आजीच्या वाक्याच्या बाबतीत का पटू नये?

मापांचाही प्रश्न याच जातीचा. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान वजनमापे आणली. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, हे रूपांतर यंत्राला सहज जमते. पायलीचे काय? ती प्रदेशागणिक बदलत असे. 'एक पायली' या शब्दांच्या जागी किलोग्रॅमचा आकडा टाकला की आपण अचूक झालो असे वाटते. प्रत्यक्षात आपण एक पुरावा खोडून त्या जागी अंदाज लिहिलेला असतो.

अडचणी नाहीत असे मी म्हणणार नाही. कमांड लाइनचा पडदा देवनागरीला अजूनही सावत्र वागवतो. जोडाक्षरे विस्कटतात, वेलांट्या भलतीकडे पडतात. थेट छापायला गेले तर कागदावरही तोच गोंधळ. तो 'पॅप्स' नावाच्या छोट्या साधनाने सुटतो. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते, दिसायला तंतोतंत सारखे. एका प्रकारे शोधले तर दुसरे सापडत नाही, आणि माणूस अर्धा दिवस स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत बसतो. 'सॉर्ट'ला तसेच सोडले तर ते 'ळ'ला 'ल'च्या मागोमाग बसवते. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. हे सगळे खरे आहे. पण या दोषांवर मला स्वतःला उपाय करता येतो. अ‍ॅपच्या दोषावर मी फक्त एक तारा देऊ शकते.

"एवढ्यापेक्षा व्हिडिओ का नाही करत? मुले तेच पाहतात." हाही सल्ला मिळतो. वास्त्यांचे उदाहरण घ्या. बांबूचे कोवळे कोंब कच्चे खाण्याजोगे नसतात. त्यांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. म्हणून ते चिरून, उकळून, ते पाणी टाकून द्यायचे. काही रानकंद तर काप करून वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात. लाखोळीच्या डाळीला भिजवून पाणी फेकण्याची रीत आहे, आणि तिच्यातल्या विषद्रव्यामुळेच १९६१ साली केंद्र सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घालण्याचा नियम केला होता. तीस सेकंदांच्या रीलमधून सर्वांत आधी काय कापले जाते? पाणी फेकण्याचा कंटाळवाणा प्रसंग. फाइलीत मी 'पाणी टाका' असे शोधू शकते आणि कोणत्या कृतीत ती ओळ राहून गेली आहे ते पाहू शकते. व्हिडिओच्या पोटात शिरून असे शोधणे या क्षणी तरी माझ्या आवाक्याबाहेरचे आहे.

आता पहिल्या वाक्याकडे येते. पाककृती इतिहास आहे का? बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, 'मानसोल्लास' रचला. त्याच्या अन्नभोगाच्या भागात शेतातल्या उंदराचीही कृती आहे. तो ग्रंथ आपण अभिमानाने सांगतो, आणि लाल मुंग्यांच्या चटणीचे नाव काढले की नाक मुरडतो. मराठीतली छापील परंपरा १८७५ च्या रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्रा'पासून लक्ष्मीबाई धुरंधरांच्या १९१० च्या 'गृहिणी-मित्रा'पर्यंत आणि पुढे 'रुचिरा'पर्यंत येते, आणि तिचा ओटा बहुतांशी शिकलेल्या, वरच्या जातींच्या घरातला आहे. २००९ साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या ताटाचे दस्तऐवजीकरण केले. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले. म्हणजे हा प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर मिळून दहा-पंधरा वर्षे झाली आहेत.

धानोऱ्यात मात्र पाककृतीचा संबंध त्याहून टणक गोष्टीशी येतो. याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक तिथल्या ग्रामसभेच्या हाती आले. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू हा 'वृक्ष' होता आणि २०१७ पर्यंत तसाच राहिला. वास्ते खाणाऱ्यांना तो काय आहे हे कोणी विचारले नव्हते. आता वनहक्क नियमांतला तेरावा नियम वाचा. दाव्याचा पुरावा म्हणून वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदन चालते. सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्यात कंदमुळे, रानफळे गोळा करण्याच्या जागा मोजल्या जातात. 'सांगणारी, गाव, ऋतू, तारीख' या माझ्या ओळी पुन्हा पाहाव्यात. कोणता कंद, कोणत्या महिन्यात, कोणत्या डोंगराच्या कुशीतून आणतात, हे सही-अंगठ्यासह कागदावर असलेली कृती त्याच जातीची नोंद आहे. ती पुरावा म्हणून टिकेलच असे मी म्हणत नाही, मी वकील नव्हे. पण ग्रामसभेसमोर कागद ठेवता येतो. पासवर्ड विसरलेला मोबाइल ठेवता येत नाही.

इथे माझ्यावर एक रास्त आक्षेप येतो. साधी फाइल चोरायलाही साधीच. उद्या कोणी सगळा फोल्डर उचलला आणि 'ट्रायबल सुपरफूड' म्हणून विकला तर? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. त्याच वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा हक्क मान्य केला आहे, आणि तो हक्क बजावायचा तर ज्ञान कोणाचे हे लिहिलेले असावे लागते. म्हणून नावाची ओळ मी सक्तीची केली आहे. कोणती कृती गावाबाहेर जाईल हे मी ठरवत नाही. ज्या कृतींना परवानगी नाही त्यांच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि छापण्याची स्क्रिप्ट त्या फोल्डरकडे पाहतच नाही. अ‍ॅपमध्ये भरलेला मजकूर भरल्या क्षणीच दूरच्या कोणाच्या तरी संगणकावर गेलेला असतो. चोरीची भीती असलेल्यांनी तो रस्ता आधी बंद करावा.

मागच्या महिन्यात पहिला छापील गठ्ठा मी मुरुमगावच्या बाजूला घेऊन गेले. बासष्ट पाने, बाजूला दोरा ओवलेला. माझी मोठीआई वाचू शकत नाही, म्हणून तिच्या नातीने वास्त्यांची कृती मोठ्याने वाचून दाखवली. मध्येच मोठीआईने हात वर केला. "मीठ आधी नाही टाकत, पोरी. शेवटी." नातीने पेन्सिलीने ती ओळ खोडली आणि समासात दुरुस्ती लिहिली. शेजारच्या घरातली बाई म्हणाली, आमच्याकडे आधीच टाकतात. नातीने तेही लिहिले, खाली, वेगळ्या ओळीत. घरी येऊन मी दोन्ही नोंदी नावांसह फाइलीत घातल्या, जुनी प्रत तारीख टाकून बाजूला ठेवली आणि 'डिफ' चालवून पाहिले. तीन ओळींचा फरक आला. पुढची प्रत पोळ्याआधी छापायची आहे.